पाच पोझिशन, दोन रिंग, चोवीस मुलं: घोडबंदर रोडवरच्या एका बास्केटबॉल क्लासचं परीक्षण

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना ज्या मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बास्केटबॉलचं कोर्ट आहे. कोर्ट आलं की पाठोपाठ क्लासही येतो. बहुतेक क्लासमध्ये पहिल्या आठवड्यातच मुलांना उंचीप्रमाणे उभं करतात आणि पोझिशन, म्हणजे कोर्टावरची जागा आणि तिथलं काम, वाटून मोकळे होतात. सगळ्यात उंच तो सेंटर, सगळ्यात बुटका तो पॉइंट गार्ड, उरलेले फॉरवर्ड. मग तेराव्या वर्षी सेंटर झालेला मुलगा सोळाव्या वर्षी वर्गात मधल्या उंचीचा निघतो आणि त्याला ड्रिबल करत, म्हणजे बॉलला टप्पे देत, हाफ कोर्ट ओलांडता येत नाही, कारण तीन वर्षं त्याच्या हातात बॉल फक्त रिंगखालीच आलेला असतो.

मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातल्या एका सोसायटीच्या कोर्टावर संध्याकाळी चालणारा क्लास इथे वेगळा ठरतो. तिथे पोझिशन हा शिकवण्याचा विषय आहे. क्लासचं नाव देत नाही, कारण पुढे काही दोषही स्पष्ट लिहायचे आहेत आणि ते दोष ठाणे-नवी मुंबईतल्या इतर क्लासमध्येही सर्रास दिसतात. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, वय 11 ते 17, मुलं-मुली एकत्र. साधारण चोवीस जण, दोन कोच, दोन रिंग. फी महिन्याला अडीच हजार. प्रवेशाआधी दोन दिवस फुकट येऊन बघता येतं, आणि ते दोन दिवस जरूर वापरावेत.

आधी कोर्टाबद्दल, कारण पोझिशनचं अर्धं शिक्षण रेषांवर अवलंबून असतं. पूर्ण आकाराचं कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. सोसायटीचं कोर्ट पार्किंग आणि जॉगिंग ट्रॅकच्या मधल्या जागेत बसवलेलं, त्यामुळे रुंदी तेरा मीटरच्या आसपास. रंगवलेल्या रेषाही जुन्या मापाच्या: थ्री पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला तीन पॉइंट) रिंगपासून 6.25 मीटरवर आणि रिंगखालचा तीन सेकंदांचा भाग (जिथे आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) खाली रुंद होत जाणारा, कंदिलासारखा. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, 2010 मध्ये दोन्ही गोष्टी बदलल्या. थ्री पॉइंट लाइन 6.75 मीटरवर गेली, कोपऱ्यात 6.60, आणि कंदिलाचा चौकोन झाला, 4.9 मीटर रुंद. ठाण्यात आजही अनेक शाळांच्या आणि सोसायट्यांच्या कोर्टांवर जुनाच कंदील दिसतो.

हा फरक वरवरचा नाही. जुन्या कंदिलाची रुंदी रिंगमागच्या एंड लाइनजवळ सहा मीटर होती. म्हणजे रिंगकडे पाठ करून बॉल मागणारा सेंटर रेषेबाहेर उभा राहिला तर नव्या कोर्टाच्या मानाने अर्धा मीटर लांब राहतो. त्या अर्ध्या मीटरसाठी त्याला एक जास्तीचा ड्रिबल लागतो, आणि तेवढ्यात मदतीचा डिफेंडर (बचाव करणारा) येऊन पोचतो. जुन्या रेषांवर शिकलेला सेंटर नव्या कोर्टावर उगाच लांब उभा राहतो. कोपऱ्यात उलटी अडचण. तेरा मीटर रुंदीत 6.25 ची रेषा आखली की साइडलाइनपर्यंत जेमतेम 25 सेंटिमीटर उरतात. मोठ्या माणसाचा बूट त्याहून लांब असतो. कोपऱ्यातून थ्री मारणारा एकतर रेषेवर उभा राहतो, नाहीतर टाच बाहेर जाते.

इथल्या कोचनी यावर सोपा उपाय काढलाय. कोर्टावर पिवळ्या टेपने नवा चौकोन आखलाय आणि पाच जागांवर फुल्या मारल्या आहेत: एक वर मध्यभागी, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. कोपऱ्याच्या फुल्या मुद्दाम साइडलाइनपासून एक मीटर आत. थ्री पॉइंटचा हिशेब बिघडला तरी चालेल, पण मुलाचा पाय योग्य जागी पडावा, हा विचार. टेप दर पंधरवड्याला उखडते आणि पुन्हा चिकटवावी लागते. एवढी काळजी घेणारा क्लास विरळाच.

आता मूळ गोष्ट. पोझिशनचे आकडे सगळे वापरतात: वन पॉइंट गार्ड, टू शूटिंग गार्ड, थ्री स्मॉल फॉरवर्ड, फोर पॉवर फॉरवर्ड, फाइव्ह सेंटर. या क्लासमध्ये चौदा वर्षांखालच्या कुणालाही कायमचा आकडा मिळत नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचा आकडा एकेक पुढे सरकतो. पाच आठवड्यांत प्रत्येक जण पाचही जागांवर उभा राहिलेला असतो. पंधराव्या वर्षानंतर मुख्य आकडा ठरतो, पण त्याच्यासोबत शेजारचा एक आकडा शिकावाच लागतो. टू असेल त्याने वनचं काम, फोर असेल त्याने फाइव्हचं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी पाच फाऊलवर बाहेर गेलं तर संघ अडू नये म्हणून. शिवाय शेजारच्याचं काम माहीत असलं की त्याला पास कधी द्यायचा हेही कळतं.

वनपासून सुरुवात करू. पॉइंट गार्ड म्हणजे छान ड्रिबल करणारा, असा पालकांचा समज असतो. इथे पहिल्या दिवसापासून त्याला वेळेचा हिशेब शिकवतात. बॉल ताब्यात आला की आठ सेकंदांत हाफ लाइनपलीकडे, चोवीस सेकंदांत शॉट हातातून सुटला पाहिजे आणि तो रिंगला लागलाच पाहिजे. सोसायटीच्या कोर्टावर शॉट क्लॉक कुठून असणार? मग एक कोच मोठ्याने उलटे आकडे मोजतो. नियम असा, की "सोळा" ऐकू येईपर्यंत बॉल पुढच्या कोर्टात पोचलेला हवा आणि "चौदा"ला पहिली हालचाल सुरू व्हायला हवी. बहुतेक मुलं आधी उशीर करतात, मग "पाच" ऐकलं की घाईने कुठूनही शॉट टाकतात. तीन-चार आठवड्यांत हे सुटतं. आक्रमणात आपल्याच शॉटचा रिबाउंड, म्हणजे चुकून रिंगवरून परत आलेला बॉल, मिळाला तर चोवीस नाही, चौदा सेकंद मिळतात, हेही मोजूनच अंगवळणी पाडतात.

वनची दुसरी नेहमीची चूक हाफ लाइन ओलांडल्याबरोबर होते. मुलगा साइडलाइनच्या कडेने येतो, रेषा ओलांडतो आणि दम घ्यायला बॉल दोन्ही हातांत उचलतो. मागे हाफ लाइन, बाजूला साइडलाइन. मागे पास दिला तर बॅककोर्ट, म्हणजे बॉल परत मागच्या अर्ध्यात नेल्याची चूक. दोन डिफेंडर समोर उभे राहिले की चारही बाजू बंद. इथे त्या कोपऱ्यात दोन प्लास्टिकचे कोन ठेवतात आणि वनने हाफ लाइन ओलांडताना कोनांच्या आतल्या बाजूने, कोर्टाच्या मधल्या एक-तृतीयांश भागातूनच यायचं. डावखुरा असो वा उजवा, एक फेरी कमकुवत हाताने. आणि शॉट सुटला की वनने रिबाउंडच्या मागे न जाता मागे पळायचं, कारण समोरच्याला मोकळा लेअप (धावत येऊन रिंगजवळून टाकलेला सोपा शॉट) मिळू न देणं हे त्याचंच काम. हा शेवटचा भाग बरेच क्लास शिकवतच नाहीत.

वन आणि फाइव्ह यांच्या स्क्रीनवर, म्हणजे सहकाऱ्याच्या डिफेंडरची वाट अंगाने अडवण्यावर, क्लासचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो वेळ सार्थकी लागतो. फाइव्ह येऊन वनच्या डिफेंडरच्या बाजूला उभा राहतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, हात छातीशी घट्ट. दोन्ही पाय जमिनीवर थांबले की तो मोठ्याने "सेट" म्हणतो. तोवर वनने जागेवरून हलायचं नाही. "सेट" ऐकलं की वन निघतो आणि निघताना त्याचा खांदा फाइव्हच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये वीतभर जरी फट राहिली तरी डिफेंडर अंग तिरकं करून त्यातून निसटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

वन घाई करून आधीच निघाला तर काय होतं ते इथे मुद्दाम करून दाखवतात. फाइव्ह अजून चालत असतो, डिफेंडर त्याच्यावर आदळतो, शिट्टी वाजते आणि फाऊल फाइव्हच्या नावावर लिहिला जातो. चूक वनची, फाऊल फाइव्हचा. असे दोन फाऊल पहिल्याच क्वार्टरमध्ये लागले की फाइव्हला बाकावर बसवावं लागतं आणि रिंगखाली कुणी उरत नाही. त्यामुळे या क्लासच्या सराव सामन्यात चालत्या स्क्रीनचा फाऊल लागला की कोच आधी वनकडे बघतो. ही सवय फार मोलाची आहे.

स्क्रीन झाल्यावर पुढे काय करायचं, हे वनने समोरचं बघून ठरवायचं असतं. फाइव्हचा डिफेंडर मागे रिंगजवळ थांबला तर रिंगसमोरच्या फ्री थ्रो लाइनजवळ थांबून शॉट. तो वर आला तर आतल्या पायावर वळून, बॉलकडे छाती ठेवत रिंगकडे निघालेल्या फाइव्हला पास. दोन डिफेंडरनी माणसं बदलली तर फाइव्हच्या अंगावर बुटका डिफेंडर येतो. मग फाइव्हने त्याला पाठीवर घेऊन हात वर करून बॉल मागायचा. आणि तिसरा डिफेंडर मदतीला आत सरकला तर कोपऱ्यातला टू मोकळा. इथे त्या पिवळ्या फुलीचं महत्त्व कळतं. टू जर कोपरा सोडून दोन पावलं आत आला असेल, तर तोच मदतीचा डिफेंडर एका जागी उभा राहून दोघांनाही सांभाळतो. मुलं कोपऱ्यातून आत सरकतात कारण त्यांना बॉल हवा असतो. कोच फुलीकडे बोट दाखवतो, ओरडत नाही.

टूसाठी क्लासमध्ये वेगळं पाठांतर आहे. स्क्रीनच्या भोवती फिरताना मागच्या डिफेंडरवर नजर ठेवायची. तो पाठोपाठ येत असेल तर स्क्रीनला वळसा घालून रिंगकडे. तो स्क्रीनच्या पलीकडून आडवाट धरून जात असेल तर उलट बाहेर सरकून शॉट. बॉल हातात येण्याआधी गुडघे वाकलेले हवेत, बॉल आल्यावर वाकवले तर अर्धा सेकंद जातो आणि डिफेंडर पोचतो. इथे एक बारीक गोष्ट छान शिकवतात: उजव्या हाताने शॉट मारणाऱ्याने डावीकडून येताना डावा-उजवा असे पाय टाकायचे, म्हणजे थांबताना खांदे आपोआप रिंगकडे वळतात. उजवीकडून येताना अवघड जातं, म्हणून तिकडून दुप्पट वेळा करून घेतात.

थ्री मात्र इथे उपाशी राहतो. स्मॉल फॉरवर्डला "सगळं करायचं" एवढंच सांगतात. प्रत्यक्षात थ्रीची कामं ठरलेली असतात. फास्ट ब्रेकला, म्हणजे बॉल मिळताच केलेल्या झटपट आक्रमणात, साइडलाइनजवळून, कडेला चिकटून पळायचं, म्हणजे वनला मधली वाट मोकळी मिळते. बॉल दुसऱ्या बाजूला असताना डिफेंडरने बॉलकडे मान वळवली की त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून रिंगकडे कापायचं, म्हणजे एकदम धावत घुसायचं. आणि समोरच्या संघाच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूला, मग तो कोणत्याही आकड्याचा असो, धरून ठेवायचं, म्हणजे सतत त्याच्यासोबत राहून अडवायचं. पाठीमागून कापण्यासाठी स्वतंत्र सराव या क्लासमध्ये नाही. मुलं थ्रीला उभी राहिली की बॉलची वाट बघत उभीच राहतात. दहा मिनिटं काढून एवढं जरी घेतलं तरी फरक पडेल.

फोर आणि फाइव्ह इथे चांगले घडतात, आणि त्याचं श्रेय बॉक्स आऊटला, म्हणजे रिबाउंडआधी समोरच्याला अंगाने अडवण्याला. रिबाउंड म्हणजे उंच उडी, हा गैरसमज मोडायला क्लासमध्ये एक सराव आहे: कोच शॉट मारतो, पण मुलांनी बॉलकडे बघायचंच नाही. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोधायचा, हाताने नाही, मांडीने आणि पाठीने त्याला अडवायचं, पाय रुंद, कंबर खाली, आणि बॉल जमिनीवर एकदा टप्पा खाईपर्यंत त्याला आत येऊ द्यायचं नाही. ज्याचा माणूस आत आला त्या जोडीच्या पाच पुशअप. पंधरा दिवसांत अकरा वर्षांचं पोर चौदा वर्षांच्या मुलाला अडवू लागतं. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर तो बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, हेही सांगतात, आणि फोरला पलीकडे उभं राहायला लावतात.

फोरचं दुसरं काम झोनसमोर. समोरचा संघ टू-थ्री झोन खेळत असेल, म्हणजे माणूस न धरता जागा राखत, पुढे दोन आणि मागे तीन, तर फ्री थ्रो लाइनच्या मधोमध एक भोक असतं. फोरने तिथे जायचं, बॉल घेतला की लगेच वळून रिंगकडे तोंड करायचं आणि तीनपैकी एक करायचं: शॉट, खाली फाइव्हला पास, किंवा कोपऱ्याला पास. बॉल घेऊन रिंगकडे पाठ ठेवूनच उभा राहिला तर झोनचे डिफेंडर चारही बाजूंनी त्याच्यावर मिटतात. इथले कोच यासाठी "वळ" एवढाच शब्द वापरतात, आणि मुलं सामन्यात एकमेकांना तोच शब्द ओरडून सांगतात.

फाइव्हला बचावात तोंड वापरायला शिकवतात. सगळं कोर्ट त्याच्या समोर असतं, म्हणून "डावीकडे स्क्रीन", "मी मागे आहे", "माणूस बदल" हे त्यानेच ओरडायचं. लाजाळू मुलांना हे जड जातं, पण क्लास आग्रह धरतो. रिंगखाली शॉट अडवताना हात खाली आपटायचा नाही. सरळ वर उडी, हात सरळ वर. आपल्या जागेत सरळ वर उडी मारलेल्या डिफेंडरला धक्का लागला तरी तो फाऊल त्याचा नसतो. हात खाली आणला की नक्की त्याचाच. मुलांच्या मनातून शॉट अडवण्याचा, बॉल कोर्टाबाहेर फटकावण्याचा मोह जायला वेळ लागतो. बाहेर गेलेला बॉल पुन्हा समोरच्यांनाच मिळतो, आणि सरळ हातांनी चुकवलेला शॉट आपल्या हातात रिबाउंड होऊन येतो, हे मुलांना एकदा मोजून दाखवलं तर जास्त पटेल. इथे अजून तसं मोजत नाहीत.

पोझिशन उंचीवर का ठरवू नये, हे मुलांना समजावायला कोच दोन उदाहरणं देतात आणि दोन्ही चपखल आहेत. मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ इंचांचा पॉइंट गार्ड होता. 1980 च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनलच्या सहाव्या सामन्यात त्याच्या लेकर्स संघाचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार दुखापतीमुळे नव्हता, तेव्हा आपल्या पहिल्याच मोसमात मॅजिक सेंटरच्या जागी उतरला आणि त्याने 42 पॉइंट, 15 रिबाउंड आणि 7 असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) केले. लेकर्सनी त्याच रात्री विजेतेपद जिंकलं. दुसरं उदाहरण निकोला योकिचचं. सेंटर असून डेन्व्हर संघाचं आक्रमण त्याच्या पासवर चालतं, आणि 2023 मध्ये डेन्व्हर त्याच जोरावर चॅम्पियन झालं. उंच मुलांना फक्त रिंगखाली उभं केलं असतं तर या दोघांचा खेळ घडलाच नसता.

आता गाऱ्हाणी. पहिलं आणि सगळ्यात मोठं बॉलचं. क्लासमध्ये वीसच्या आसपास बॉल आहेत आणि त्यांतले तीनच सहा नंबरचे, बाकी सात नंबरचे. मुलींचा अधिकृत बॉल सहा नंबरचा असतो, साडेपाचशे ग्रॅमच्या आत. सात नंबरचा सहाशे ग्रॅमच्या आसपास आणि घेर तीन-चार सेंटिमीटर मोठा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तो कपाळासमोरून एका हाताने ढकलता येत नाही, म्हणून ती तो कमरेजवळ खाली नेते आणि दोन्ही हातांनी फेकते. त्या फेकीत कोपर बाहेर जातं, बॉल बाजूला फिरतो आणि डिफेंडरला तो सहज अडवता येतो. ही सवय एकदा पडली की मोडायला वर्ष जातं. बारा वर्षांखालच्या मुलांना तर पाच नंबरचा बॉल आणि शक्य असेल तर खाली आणलेली रिंग हवी. मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर असते, मोठ्यांची 3.05 वर. सोसायटीची रिंग खाली आणता येत नाही हे समजू शकतं, पण सहा नंबरचे दहा बॉल घेणं अजिबात अवघड नाही.

दुसरं गाऱ्हाणं सामन्यांचं. सरावात आकडे फिरवणारा हाच क्लास शेजारच्या संघांशी मैत्रीपूर्ण सामना लागला की उंच मुलाला फाइव्हला उभा करतो आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना टू-थ्री झोन खेळायला लावतो. जिंकता येतं, कारण त्या वयात लांबून शॉट पडत नाहीत. पण झोनमध्ये मुलगा जागा राखतो, माणूस धरायला शिकत नाही. शालेय स्पर्धांच्या 17 वर्षांखालच्या गटात पोचेपर्यंत समोरचे लांबून मारू लागतात, झोन उघडा पडतो आणि तेव्हा माणूस धरता येत नाही असं लक्षात येतं. चार महिने जे पेरलं ते एका रविवारच्या सामन्यासाठी उपटून टाकणं पटत नाही. क्लासने निदान चौदाखालच्या सामन्यांत तरी माणूस-माणूस बचाव पक्का ठेवावा.

तिसरं, संख्या. दोन रिंगवर चोवीस मुलं म्हणजे एका रिंगवर बारा. एका रांगेत लेअप घेतले आणि दर सहा सेकंदांना एक शॉट पडला, तर दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला आठ शॉट येतात. याची जाणीव क्लासला आहे, म्हणून अर्धी मुलं साइडलाइनला ड्रिबलवर आणि अर्धी रिंगवर, दर आठ मिनिटांनी अदलाबदल, अशी व्यवस्था आहे. पण एक कोच गैरहजर असला की ती कोलमडते आणि लांबच लांब रांग लागते. फुकटच्या दोन दिवसांत नेमकं हेच मोजावं: आपलं मूल दहा मिनिटांत किती वेळा बॉलला हात लावतं.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर ठाण्यात उघड्या कोर्टावर भरवसा नसतो. काँक्रीटवर शेवाळं धरतं आणि ओल्या कोर्टावर वळताना गुडघा जातो. तेव्हा क्लास जवळच्या हॉलमध्ये हलतो. तिथे रिंग नाही, छत कमी उंचीचं, फरशी गुळगुळीत. शूटिंग बंद. हे चार महिने वाया जातील अशी भीती वाटते, पण पोझिशनच्या दृष्टीने हाच क्लासचा सगळ्यात चांगला काळ आहे. फरशीवर टेपने अर्धं कोर्ट आखतात, पाच मुलं आक्रमणाला, पाच बचावाला, आणि सगळं चालत चालत करतात. स्क्रीन, वळणं, मदत, कोपरा. पळायचं नाही म्हटल्यावर कुणी कुठे उभं आहे ते दिसतं. मध्येच कोच "थांबा" म्हणतो, सगळे गोठतात, आणि तो एखाद्याला विचारतो: तुझा माणूस कुठे, बॉल कुठे, मदत कुणाची? उत्तर चुकलं तर ती हालचाल पुन्हा पहिल्यापासून. बाकावर बसलेली मुलं पाण्याच्या बाटल्यांची दहा झाकणं घेऊन, पाच निळी, पाच पांढरी, तोच डाव फरशीवर मांडतात. ऑक्टोबरमध्ये कोर्टावर परतल्यावर मुलांची जागेची जाण स्पष्टपणे सुधारलेली असते. शूटिंग मात्र ढेपाळलेलं असतं, त्यासाठी पहिले दोन आठवडे जातात.

प्रवेश घ्यायचाच असेल तर ऑक्टोबर ते मे हा काळ सुरुवातीला बरा. नव्या मुलाला आधी रिंग आणि बॉलची ओळख हवी, चालत केलेले डाव नंतर. बूट घोट्याला धरणारे आणि तळ न झिजलेले, कारण काँक्रीट तळ लवकर खातं. मुलीसाठी सहा नंबरचा बॉल घरूनच न्यावा, त्यावर नाव लिहावं, आणि सरावात तिच्या हातात तोच राहील असं कोचना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. ते ऐकतात.